शिडीवरचा सावकाश

टेबल टेनिस क्लबच्या वेबसाइटचं नाव होतं 'शिडी', आणि ती सांभाळणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पण एकदा क्लबचा प्रिंटर बंद पडला असताना त्याने सहज मागची वायर नीट खोचली, प्रिंटर चालू झाला, आणि तेवढ्या पुण्याईवर कार्यकारिणीने त्याला एकमताने वेबमास्तर करून टाकलं. पुढे 'वेब' गळालं, मास्तर राहिला.

साइट लिहिली होती एका जुन्या चिटणिसांच्या भाच्याने, कॉलेजात असताना. भाचा पुढे मोठ्या नोकरीला लागला आणि मामाचेच फोन घेईनासा झाला, तिथे मास्तरचे कोण घेतो? साइट म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. एकीकडे टाका घालावा तर दुसरीकडे उसवायचं. मास्तरने एकदा मथळ्याचा रंग लालचा निळा केला, तर क्लबातल्या सगळ्या बायकांची नावं गायब झाली. का, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्याने निमूटपणे रंग पुन्हा लाल केला आणि बायका परत आल्या. अक्षरं इतकी बारीक की नाक स्क्रीनला टेकवल्याशिवाय स्वतःची पायरी दिसू नये, आणि ती मोठी करावीत तर बटणं स्क्रीनबाहेर पळत. तेव्हा मास्तरने अक्षरं तशीच ठेवली आणि सभासदांना वाचायचे चष्मे विकले. त्यात त्याला काही गैर वाटलं नाही.

शिडीचा नियम सोपा होता. दर सोमवारी खालच्या पायरीवरच्याने लगेच वरच्याशी खेळायचं. जिंकला की त्याची जागा घ्यायची आणि पुढच्या सोमवारी आणखी वरच्याशी भिडायचं. जिंकणाऱ्याने निकाल भरायचा. मग हरणाऱ्याच्या फोनवर निरोप जाई: 'आपण हरलात. मान्य?' त्याने 'मान्य' दाबलं की निकाल पक्का. आठवडाभरात दाबलं नाही, तर विजय खालच्या पायरीवरच्याला. भाच्याचं म्हणणं, वर बसलेली माणसं खेळायची टाळाटाळ करतात आणि खालचे बिचारे ताटकळतात. कोवळ्या वयात पोराला माणसं बऱ्यापैकी कळली होती. फक्त ती मरतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मेला तो सावकाश. खरं नाव सभासदांना आठवावं लागे. हरला की हात मिळवून म्हणायचा, "चालायचंच. सावकाश जमेल." म्हणून सावकाश; साइटवरही तेच नाव. नाव सावकाश, पण गेला मात्र तडकाफडकी, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता. गेला तेव्हा तो शिडीच्या अगदी तळाच्या पायरीवर होता. क्लबने दोन मिनिटं शांतता पाळली, आणि तिसऱ्या मिनिटाला प्रश्न उभा राहिला की साइटवरच्या त्याच्या नावाचं करायचं काय.

साइटवर सभासदाच्या नावापुढे दोनच बटणं होती, 'रजेवर' आणि 'काढून टाका'. मास्तरने कार्यकारिणीला समजावून सांगितलं की काढून टाकलं, तर त्याच्याशी झालेले सगळ्यांचे सामनेही पुसले जातील.

सभा एकदम चिडीचूप झाली. जो तो मनात बेरीज करू लागला. सावकाश इतकी वर्षं दिलदारपणे हरत आला होता आणि प्रत्येकाने त्याच्या हरण्यावर आपापला एखादा मजला चढवून घेतला होता. तो पुसला तर अर्धा क्लब कोसळणार.

पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरचा ठेकेदार उठून उभा राहिला. हा माणूस पुलाचं काम घ्यायचा आणि टेबलावरही पूल बांधत असल्यासारखा धाडधाड खेळायचा. "मी म्हणतो, माणूस गेला म्हणून लगेच नाव खोडायचं? काही माणुसकी आहे की नाही?" त्याने छातीवर हात ठेवला. "सावकाश आपल्यात आहे. आपल्यातच राहील!"

ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांनी रुमाल काढून डोळे टिपले. अध्यक्ष स्वतः खेळत नसत, त्यामुळे त्यांचं रडणं तरी खरं असावं.

मास्तरने 'रजेवर'चं बटण दाबलं. पण भाच्याने रजा दिली होती एका महिन्याची. महिना सरला आणि तमाम सभासदांच्या फोनवर निरोप आला: 'आनंदाची बातमी! सावकाश रजेवरून परत आले आहेत. भेटू या टेबलावर!' खजिनदारांच्या हातून फोन आमटीच्या वाटीत पडला.

आणि सावकाश चढू लागला. समोर कुणी नाही म्हटल्यावर वरच्या पायरीवरचा आपला विजय भरून टाकायचा, सावकाशच्या फोनवर निरोप जायचा, 'मान्य' कुणी दाबायचं नाही, आणि सोमवारी सावकाश एक पायरी वर. तो फोन आता त्याच्या बायकोकडे होता. सगळ्यांच्या त्या वहिनी. सांत्वनाला अख्खा क्लब जाऊन आला होता, पण "वहिनी, तुमचा नवरा माझ्याशी हरला, एवढं जरा दाबून द्या" म्हणायची कुणाची छाती होणार? त्यापेक्षा मास्तरच्या नावाने शंख करणं सोपं. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावावं, तेवढ्यात फोन: "मास्तर, मला मेलेल्याने हरवलं! तुमची साइट आहे की थट्टा?"

"ठरावाला हात वर केला होतात ना?" मास्तर विचारी.

"ते भावनेच्या भरात हो!"

इथवर मास्तरला या प्रकाराची थोडी गंमतच वाटत होती. गंमत संपली ती हंगामाच्या शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे दोघे वर्षाच्या शेवटी करंडकासाठी खेळत. मास्तर आयुष्यभर शिडीच्या मध्यावर लोंबकळला होता. दरवर्षी अंतिम सामन्याला तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसे आणि दुसऱ्यांचे गुण भरी. पण या वर्षी गुडघा दुखायचा थांबला, बॅकहँड लागला, आणि बघता बघता तो दुसऱ्या पायरीवर पोचला. त्याने बायकोला समोरच्या रांगेतली खुर्चीही सांगून ठेवली. ती क्लबात कधी पाऊल टाकत नसे, पण या वेळी येते म्हणाली. मास्तरला किती आनंद झाला ते त्याने कुणाला दाखवलं नाही. आरशासमोर मात्र त्याने दोनदा करंडक उचलून बघितला, म्हणजे त्या जागी फुलदाणी.

आणि शेवटच्या सोमवारची जोडी लागली: मास्तर विरुद्ध सावकाश.

"म्हणजे तुमचा हातातोंडाशी आलेला घास मेलेला माणूस काढून नेणार?" बायको म्हणाली. "अहो, तुमचीच साइट ना? आत जाऊन नीट करा की."

"आत हात घातला आणि क्लबातल्या सगळ्या बायका पुन्हा गायब झाल्या तर?"

"मग वहिनींकडे जा. सरळ मागा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

मास्तर गेला आणि भांडं लपवून बसला. हवापाण्यावर बोलला, वहिनींच्या चष्म्याची दांडी सैल होती ती खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने घट्ट करून दिली, दुसरा कप चहाही घेतला. सावकाशचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमचा निरोप आलाय त्याच्यावर. 'आपण हरलात. मान्य?' त्यासाठीच आलात ना?"

मास्तरचे कान लाल झाले. "वहिनी, तसं नाही... म्हणजे तसंच आहे."

"सगळे निरोप वाचते मी. तुम्हाला एक सांगू? हे दर सोमवारी घरी येऊन म्हणायचे, 'आज जिंकलो.' मी विचारायचे, कोणाशी? एकेकाचं नाव सांगायचे. ठेकेदाराला तर महिन्यातून एकदा धूळ चारायचे. मी कौतुकाने ऐकायचे. आपल्याला काय कळतंय त्यातलं? मग हे गेल्यावर तुमची ती साइट उघडली. म्हटलं, ह्यांनी जिंकलेले सामने तरी बघू." वहिनींनी टीव्हीशेजारच्या फोनकडे बघितलं. "बघत बसले तासभर. एकही सापडेना."

मास्तरने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"इतका राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं थापा? आणि भांडायचं कुणाशी? फोटोशी? आणि मग एका सोमवारी, हे गेल्यावर, तिथे लिहून आलं की जिंकले. मी एकटीच हसत बसले इथे, आणि मग रडले. मला कळतं हो मास्तर, मशीनची चूक आहे ती. पण मला बटण दाबवेना." त्यांनी फोन वायरसकट हातात घेतला. "आता खरं सांगा. तुमच्याशी तरी एकदा जिंकले होते का?"

नव्हता जिंकला. मास्तरला ते साइट न उघडता माहीत होतं. साध्या सर्व्हिसलाही सावकाशची बॅट पोचेपर्यंत चेंडू मागच्या भिंतीला लागलेला असे. एकदा तर मास्तरने त्याला एका हाताने चहा पीत हरवलं होतं आणि पोरं हसली होती. ते हसणं आठवून मास्तरला आता स्वतःची शरम वाटली.

"जिंकला होता की," तो म्हणाला. "चांगला जिंकला होता. साइटवर चढलं नसेल. जुनं सॉफ्टवेअर आहे, वहिनी. निकाल खातं कधीकधी."

"तुम्हीच सांभाळता ना ते?"

"हो."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच."

वहिनींनी चष्म्याची घट्ट झालेली दांडी चाचपली. एवढं फसल्यावर त्यांना थापा ओळखता येत नसतील असं कोण म्हणेल? मग त्यांनी फोन पुढे केला. "मग आता दाबू का 'मान्य'? तुमचंही खरंय, तुम्हालाही खेळायचं असेल."

खेळायचं होतं. फार खेळायचं होतं. त्या एका बटणापलीकडे करंडक होता, समोरच्या रांगेतली खुर्ची होती, आणि या वयात पुन्हा असं वर्ष येणार नव्हतं, हे त्याच्या गुडघ्याला पक्कं ठाऊक होतं.

"राहू द्या," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

घरी बायको दारातच उभी. "काय झालं?"

"हरलो."

"कुणाशी?"

"सावकाशशी."

बायको आत वळली. पान वाढलं आणि त्याच्या आवडीचं काहीच केलेलं नव्हतं म्हणून उगीच स्वतःवर चिडली. मास्तर जेवला नाही. त्याला वाईट वाटत होतं आणि ते लपत नव्हतं.

अंतिम सामन्याला हॉल खच्चून भरला. टेबलाच्या एका बाजूला ठेकेदार, नवे कोरे बूट घालून. दुसऱ्या बाजूला कुणी नाही. वहिनी समोरच्या रांगेत, शेजारी मास्तरची बायको. मास्तर नेहमीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. अध्यक्षांनी भाषणात 'खेळाडू मरतो, खेळ मरत नाही' असं काहीतरी सांगितलं आणि सामना सुरू झाला.

ठेकेदाराने सर्व्हिस केली. चेंडू पलीकडे टप्पा खाऊन खुर्च्यांखाली गेला. एक-शून्य. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात वाजवल्या नाहीत. दुसरी सर्व्हिस, दोन-शून्य. आणि मग घोळ झाला. दोन गुणांनंतर सर्व्हिस समोरच्याची.

सगळे थांबले. पंचांनी चेंडू सावकाशच्या बाजूला टेबलावर ठेवला. चेंडू हळूच घरंगळला, जाळीपाशी जाऊन थांबला.

"तो नेहमीच वेळ लावायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

ठेकेदाराला घाम फुटला. गुडघ्यात वाकून, बॅट सरसावून तो रिकाम्या जागेकडे बघत उभा होता, आणि सरळ उभं राहायला त्याला धीर होत नव्हता. कार्यकारिणीने कोपऱ्यात डोकी एकत्र केली. नियमांचं पुस्तक उलटंपालटं वाचून झालं. अखेर अध्यक्षांनी जाहीर केलं की सामना इथेच थांबवण्यात येत असून दोन-शून्य अशा निर्विवाद फरकाने ठेकेदार विजयी. "मास्तर, निकाल भरा!"

मास्तरने भरला. वहिनींच्या पर्समध्ये फोन वाजला.

करंडक हातात धरून अध्यक्ष अदबीने वाकले. "वहिनी, तेवढं 'मान्य' दाबता का? नाहीतर हे यंत्र उगाच... आपल्याला ठाऊकच आहे."

वहिनींनी चष्मा चढवला. निरोप सावकाश वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"हे नाही म्हणतायत," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. ती मास्तरची बायको होती. ठेकेदाराचा मात्र तोल सुटला. बॅट टेबलावर आपटून तो ओरडला, "अहो वहिनी, काय चाललंय हे? तो खेळलाच नाही!"

"मग तुम्ही जिंकलात कुणाशी?" वहिनींनी विचारलं.