ओपीडीतलं गाऱ्हाणं

डॉक्टर दत्तप्रसादांना मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा नवरा यशवंत खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याला साखरेचा आजार, त्यात पायाच्या अंगठ्याला जखम झाली. पेडण्यातल्या आमच्या कोपऱ्यातून बस बदलत आरोग्य केंद्र गाठायचं, रांगेत बसायचं, आणि आमचा नंबर यायच्या आत डॉक्टर म्हापशाच्या आपल्या खाजगी दवाखान्यात पसार. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. “फाल्यां येवा,” जाता जाता उद्याचा वायदा करायचे, जखमेकडे न बघता. शेवटी पाय काळा पडला आणि बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात गुडघ्याखाली कापावा लागला. आता यशवंत घरी बसून माझ्यावर चिडतो, आणि मी डॉक्टरांवर.

परवा मी त्याच्या औषधासाठी रांगेत होते, तेव्हा पणजीहून सायली नावाची मुलगी आली. इथल्या सेवेने तुमचं समाधान होतं का, असं ती रुग्णांना विचारत होती. मुलगी गोड, पण अक्कल बघा! खुर्ची मांडली ती डॉक्टरांच्या शेजारी. त्यांच्या कानावर जात असताना खरं कोण बोलणार? पुढची सुई त्यांच्याकडूनच टोचून घ्यायची ना! जो तो “बरां आसा, बाय,” म्हणून मोकळा. डॉक्टरांना रोज शिव्या घालणारा आमचा शेजारी पांडुरंगसुद्धा! माझं डोकंच फिरलं.

माझे वडील देवळात गावाचं गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं. ते बायकांनी घालायचं नसतं, पण ऐकून ऐकून मला पाठ आहे. आणि त्याच्या दर ओळीला होकाराची साथ द्यायची सवय आमच्याकडे सगळ्यांना लहानपणापासूनची. मी चपला काढल्या, हात जोडले आणि देवळातल्याच चढ्या सुरात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां बस बदलून हय येतत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खी रांग बोलली. कुणी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपसूक गेलं.

“डॉक्टर रांग सोडून म्हापशाक पळता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या घोवाचो पाय तेणा बघूक नाय, पाय गेलो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पांडुरंगाचा आवाज सगळ्यांत मोठा.

“जेणा ह्यां केलां, तेका रातची झोप देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

डॉक्टर बाजूच्याच गावचे. त्यांचेही हात जोडले गेले होते, आणि ते ध्यानात आल्यावर चेहरा पांढराफटक पडला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! सायली भराभर लिहून घेत होती, पण मला तिच्या कागदाशी काही घेणंदेणं नव्हतं.

रविवारी डॉक्टर नारळ घेऊन आमच्या दारात उभे. डोळे तारवटलेले.

“प्रभावतीवैनी, चूक झाली. देवळात चला, गाऱ्हाणां मागे घेवा. खरांच झोप लागना नाय.”

“आधी तेंचो पाय बघा,” मी म्हणाले.

ते जमिनीवर बसले. यशवंताच्या कापलेल्या पायाची पट्टी सोडली, जखम पुसली, नवी पट्टी बांधली. हात चांगला हलका आहे हो त्यांचा. तोच हात वेळेवर लागला असता तर, या विचाराने माझा राग आणखी भडकला. नारळ मी ठेवून घेतला आणि त्यांना वाटेला लावलं.

“बिचाऱ्यान पाय धरल्यान गो,” यशवंत म्हणाला. “आता तरी मागे घे.”

“तुझो पाय परत येवंदे,” मी म्हटलं, “मगे मागे घेतंय.”

आणि नारळ फोडून आमटीसाठी खवायला बसले.