मंगळवारी सापडलेले शब्द

संदेश आणि समीक्षाने डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर ‘किल्ली’ नावाचं ऑफिस काढलं, तेव्हा कामाची वाटणी सरळ होती. लोकांची अडकलेली क्रिप्टो वॉलेट उघडायची, हे संदेशचं काम. कोणी पासवर्ड विसरलेला असे, कोणाचा फोन फुटलेला असे. संदेश कॉम्प्युटर कामाला लावून आठवडेच्या आठवडे एकेक शक्यता तपासत बसे. समीक्षा आधी बँकेत होती. ती येणाऱ्यांशी बोलायची, कागदपत्रं बघायची. दोघं कॉलेजपासूनचे मित्र.

वर्षभराने समीक्षाने मोफत शिबिरं सुरू केली. कधी सोसायटीचा हॉल, कधी कल्याणातल्या बचत गटाची बैठक. वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द कोणाला सांगू नका, आणि बुडालेले पैसे काढून देतो म्हणत जो आधी फी मागेल तो चोर समजा, एवढंच ती सांगायची. पण असं सांगायची की मागच्या रांगेतल्या आज्याही हात वर करून प्रश्न विचारायच्या. शिबिर संपलं की बायका तिला घेरायच्या, घरी जेवायला बोलवायच्या. संदेश कोपऱ्यात बसून लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकवायचा.

सुरुवातीला त्याला याची गंमत वाटायची. मग एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली, ‘वॉलेट उघडणाऱ्या ताई’. फोटोत समीक्षा हसत होती आणि कडेला संदेशचं फक्त कोपर आलेलं. समीक्षाने स्वतः वार्ताहराला फोन करून, वॉलेट संदेश उघडतो, तसं छापा, असं बजावलं. संदेशला तेही झोंबलं. त्याचं नाव आता तिच्या शब्दाखातर छापून येणार होतं. त्या दिवसापासून तो मोजायला लागला. आलेल्या दहा फोनपैकी किती जण ‘समीक्षाताई आहेत का?’ विचारतात, हे तो मनात धरून ठेवायचा. बहुतेक सगळेच विचारायचे.

पोपटकाका आले तेही तिचं शिबिर ऐकून. मोहन्याला राहणारे, रेयॉन कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा अद्वय दुबईला नोकरीला होता. त्याने वडिलांच्या नावाने बिटकॉइन घेऊन ठेवले आणि वॉलेटचे बारा इंग्रजी शब्द फोनवर सांगितले. काकांनी ते कानावर पडले तसे मराठीत डायरीत उतरवले. दोन वर्षांपूर्वी अद्वय अपघातात गेला. डायरी ओल लागून फुगली आणि चार शब्द नीट वाचता येईनात. ‘व्हेल’ की ‘व्हील’ हेसुद्धा कळत नव्हतं.

“पैशाचं एवढं नाही हो,” काका समीक्षाला म्हणाले. “पोराने माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. ते असं बंद पडून राहिलं की बरं वाटत नाही.”

संदेशने पाच आठवडे त्या चार शब्दांवर काढले. एका मंगळवारी दुपारी वॉलेट उघडलं. सगळे बिटकॉइन जागच्या जागी होते. मालकाच्या सहीशिवाय काही हलवायचं नाही, हा ‘किल्ली’चा नियम. म्हणजे काकांना लगेच बोलावून ते नव्या, सुरक्षित वॉलेटमध्ये घालायला हवे होते. त्याने फोन हातात घेतलासुद्धा. पण काका आधी समीक्षालाच दुवा देणार, हे त्याला ठाऊक होतं. रविवारी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये मोठं शिबिर होतं. काका येणारच होते. तिथे, दोनशे लोकांसमोर, आपणच स्क्रीनवर ते वॉलेट उघडून दाखवायचं असं त्याने ठरवलं. पाच दिवसांत काय बिघडणार?

बुधवारी काकांचा फोन आला तेव्हा समीक्षाने त्याला विचारलं, “काही लागलं का रे?”

“अजून नाही.”

तिने काकांना खोटी आशा लावली नाही. फार आस धरू नका, पण संदेश प्रयत्न सोडणार नाही, असं सांगितलं. संदेश पलीकडे बसून हे ऐकत होता. रविवारी तिचं हे बोलणं खोटं पडणार, या विचाराने त्याला बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. समीक्षाचं बोलणं झाल्यावर तो आपणहून पुढे गेला, माइक घेतला आणि पोपटकाकांना स्टेजवर बोलावलं. शब्द सापडल्याचं सांगितल्यावर टाळ्या पडल्या. काका हात जोडून उभे राहिले. संदेशने त्यांच्या परवानगीने वॉलेट उघडलं. स्क्रीनवर शिल्लक शून्य होती. आदल्या दिवशी दुपारी सगळं कुठेतरी पाठवलं गेलं होतं.

काकांना कळायला वेळ लागला नाही. ते खुर्चीवर बसले आणि हळूहळू बोलले. समीक्षाताईंनी आस सोडा म्हटल्यावर त्यांनी गुरुवारी टेलिग्रामवरच्या एका माणसाला डायरीच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्याने फीसुद्धा मागितली नव्हती. संदेशला पाच आठवडे लागले ते चार शब्द त्याने कितीतरी जास्त कॉम्प्युटर लावून दोन दिवसांत शोधले असणार.

समीक्षाने संदेशच्या हातातून माइक घेतला, काकांच्या शेजारी बसली आणि लोकांना म्हणाली, चूक काकांची नाही, आमची आहे, आम्ही उशीर केला. मग लोक काकांना धीर द्यायला पुढे आले आणि पुन्हा तिच्याच भोवती जमले. लाजेने संदेशचे कान तापले होते, आणि तरी हे त्याला दिसलंच.

लोक गेल्यावर तिने विचारलं, “कधी सापडलेले शब्द?”

“मंगळवारी.”

तिने लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “काकांना तू सांगायचं. मी येणार नाही.”

तो दुसऱ्या दिवशी मोहन्याला गेला. काकांनी पाणी दिलं आणि पहिल्यांदा विचारलं, ताई बऱ्या आहेत ना, फार मनाला लावून घेऊ नका म्हणावं त्यांना. संदेशच्या आत पुन्हा तेच काहीतरी टोचलं. त्याला स्वतःची शिसारी आली आणि त्याने सगळं सांगून टाकलं, का लपवलं तेसुद्धा.

काकांनी एवढंच विचारलं, “मंगळवारी बोलला असतात तर?”

“तर ते तुमच्याकडे असते.”

काका उठून आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले नाहीत.

त्यानंतर सायबर पोलिसांत तक्रार झाली. संदेशने दुसरं काम बंद ठेवलं आणि चोरलेले बिटकॉइन कुठून कुठे फिरले, त्याचा माग काढत राहिला. निम्मे बिटकॉइनची खरेदी-विक्री चालते अशा एका एक्स्चेंजवरच्या खात्यात सापडले. पोलिसांच्या पत्राने ते खातं गोठलं आणि आठ महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशाने, ते काकांना परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

त्या आठवड्यात काका पेढे घेऊन ऑफिसला आले. पुडा त्यांनी समीक्षाच्या हातात दिला आणि तिच्याशी मुलाबद्दल खूप वेळ बोलले. जाताना एक पेढा संदेशच्या टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला ठेवला. त्याच्याकडे बघितलं नाही.

संदेशच्या पोटात दुखलंच. ते काही गेलं नव्हतं. त्याने पेढा खाल्ला आणि समीक्षाला विचारलं, येत्या रविवारच्या स्लाइड तयार आहेत का.