कारवीच्या काड्या

आमच्या रखमावहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विहिरीची नाडी तिच्याइतकी अचूक ओळखणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी पहिल्या पाळीला जायचो, तिथं डिप्लोमावाले साहेब होते. टाकीत तेल किती उरलं विचारलं की ते आधी चष्मा शोधायचे. वहिनी दोरी सोडायची आणि सांगून मोकळी व्हायची.

सोनिवलीच्या आमच्या आळीत अकरा घरं आणि विहीर एक. पिण्याचं पाणी सगळ्यांचं. विहीर आमच्या आजोबांनी खणलेली, म्हणून उरल्या पाण्यावर भाजी करायचा मान आमच्या घराचा. दादा गेल्यावर तो मळा वहिनीनंच सांभाळला. मी सात वर्षांचा असताना ती लग्न होऊन आली. मला मोठं तिनंच केलं, आणि माझं तापट डोकं सहनही तिनंच केलं.

तिची रीत अशी. पहाटे पहिली घागर भरायच्या आधी ती विहिरीत दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला नदीतला गोटा. गोटा पाण्याला टेकला की काठापाशी दोरीला चिंधी बांधायची. दिवेलागणीला पुन्हा तेच. दिवसभरात पाणी जेवढं खालावलं, तेवढ्या लांबीची कारवीची एक काडी मोडायची. रात्रीतून पाणी जेवढं वर आलं, तेवढी दुसरी. दोन्ही काड्या एकत्र बांधून पडवीच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवायची. नियम एकच होता, तिच्या सासऱ्यांनी घालून दिलेला: रात्री भरेल तेवढंच दिवसा काढायचं. दिवसाची काडी रात्रीच्या काडीपेक्षा लांब झाली की दुसऱ्या दिवशी भेंडीला पाणी कमी. मग भेंडी कितीही माना टाको.

मी तिची चेष्टा करायचो. "वयनी, एवढ्या काड्यांत चूल पेटंल की!"

"पेटंल ना. पन चुलीवर ठेवायला पानी नको का?" ती म्हणायची.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. आदल्या वर्षी रस्त्यापलीकडे तीन मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली होती. तिचा बोअर आमच्या विहिरीपासून शंभर पावलांवर. पाडव्याला पाहतो तर विहिरीचं पाणी एवढं खाली, की एरवी मेअखेरीस दिसणारा काळा कातळ उघडा पडलेला. असंच चाललं तर मृगापर्यंत अकरा घरांना प्यायला पाणी पुरणार नव्हतं.

माझं डोकं फिरलं. आळीतल्या नाथाला आणि बाळाजीला घेऊन मी बिल्डिंगच्या गेटवर जाऊन ओरडलो. बोअरमध्ये दगड टाकीन, असंही म्हणालो. गॅलरीतून एक पोरगा म्हणाला, "अरे बॉस, पहले बात तो करो!" मी त्यालाही चार शब्द सुनावले. शेवटी रविवारी सकाळी विहिरीच्या ओट्यावर सगळ्यांनी बसायचं ठरलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती सांगताना आजही माझे कान गरम होतात. त्या साली मी ओढ्यापलीकडे काकडी लावली होती. ओढ्यातल्या डोहाच्या पाण्यावर करतो, असं वहिनीला सांगितलं होतं. मार्चमध्ये डोह आटला. काकडीला तेव्हा नुकती फुलं आलेली. वहिनी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भेंडी घेऊन टेम्पोने उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात जायची. परतायला दिवेलागण व्हायची. मी साडेतीनला कारखान्यातून घरी. त्या तीन दिवशी मी दोन-दोन तास विहिरीवरची, भेंडीसाठी बसवलेली मोटर चालवून पाणी ओढ्यापलीकडे नेत होतो. दोन तासांनी काय विहीर आटते, असं मी मनाला समजावलं होतं. बिल्डिंगचा बोअर समोर दिसत होता, तेव्हा ते समजावणं सोपं गेलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

रविवारी ओटा भरला. बिल्डिंगची सेक्रेटरी नीलिमा कांबळे आली. अंबरनाथला सरकारी ऑफिसात नोकरी, बोलणं शांत. तिच्यामागे वीसेक माणसं. आळीतली माणसं माझ्यामागे. मी छाती काढून उभा.

वहिनी कुडातल्या काड्यांचा भारा घेऊन आली आणि खाली बसली. महिनाभराच्या काड्या तिनं ओट्यावर ओळीनं मांडल्या. वर दिवसाची, खाली रात्रीची. वरच्या ओळीत आखूड काडी, मग लांब, मग आखूड, मग लांब. लांब काडी आखूड काडीच्या तिप्पट.

"बाय, तुमचा बोअर कोनत्या कोनत्या वारी चालतो?" वहिनीनं नीलिमाला विचारलं.

"रोजच चालतो, काकू. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. टायमिंग फिक्स आहे."

"आनि गेल्या गुरवारी?"

"गुरुवारी तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही पूर्ण दिवस-रात्र बंद ठेवला. सगळ्यांनी ड्रम भरून ठेवले होते."

हे मला ठाऊकच नव्हतं. वहिनीनं गुरुवारची रात्रीची काडी उचलून शेजारच्या रात्रीच्या काडीला लावली. चार बोटं लांब होती.

"ही चार बोटं तुमची," ती म्हणाली. "तुमचा बोअर आमच्या इहिरीचं पानी खेचतो, ते खरं हाय. त्याचं काय करायचं ते तुमी बगा." मग तिनं सोमवारची, बुधवारची, शुक्रवारची काडी उचलली आणि क्षणभर तशीच हातात धरून बसली. "पन ह्या दोन-दोन हात काड्या तुमच्या नाय. ह्या आमच्या घरच्या हायत. आमची मोटार."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला गप्प बसता आलं असतं. सगळा दोष बिल्डिंगवर ढकलला असता तर आळीनं तिला डोक्यावर घेतलं असतं. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं नावही घेतलं नाही.

"चूक आमच्या घरची, तर भरपाईबी आमचीच," ती म्हणाली. "आजपासून माज्या भेंडीला पानी बंद. पिन्याचं आदी."

ती भेंडी तिनं पौषापासून वाढवली होती. तोडणीला जेमतेम महिना झाला होता. वर्षभराचं मीठ-मिरची, लुगडं, सगळं तिचं त्या भेंडीवर. माझ्यासारख्या पगारी माणसाची ती हौस नव्हती.

माझा स्वभाव फटाक्याचा, वात आखूड. जन्मभर तो नको तिथे फुटला, पण त्या दिवशी एकदा तरी योग्य जागी फुटला. मी ओरडलोच, "वयनीची भेंडी नाय सुकनार! काकडी सुकंल. काकडी माजी हाय. मोटार मीच लावली, ती बाजाराला गेली की."

नाथानं माझ्याकडे असं पाहिलं, की बोअरमध्ये टाकायचा दगड आता माझ्याच डोक्यात घालेल. नीलिमानं मात्र त्याला बोलू दिलं नाही. म्हणाली, "आमची चार बोटंही आम्ही सोडतो. बोअर आता सकाळचाच चालेल, संध्याकाळचा जूनपर्यंत बंद. आणि काकू, ह्या काड्यांचं मला शिकवा. बोअरसाठी तसं काही करता येतं का बघते."

वहिनी म्हणाली, "शिकायला काय, बाय, खोटं मोडायचं नाय एवडंच."

माणसं पांगली. मी खाली बसून काड्या गोळा करू लागलो. तिच्यापुढे एवढा लहान मी स्वतःला सात वर्षांचा असतानाही वाटलो नव्हतो.

"कदी कळलं तुला?" मी विचारलं.

"तिसऱ्या लांब काडीला."

"म्हंजे तीन आठवडं झालं! मंग बोलली का नाय?"

वहिनीनं माझ्या हातातला भारा घेतला, त्याला सुतळी बांधली. "मला वाटलं, तूच बोलशील," ती म्हणाली. "रोज वाट बगत व्हते."

काकडी आठ दिवसांत करपली. भेंडी तगली. जूनपर्यंत अकरा घरांच्या घागरी भरत राहिल्या, शेवटी शेवटी गढूळ, पण भरल्या. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं मला उठवलं होतं आणि दोरी माझ्या हातात दिली होती. मी गोटा सोडला, पाण्याला टेकवला, चिंधी बांधली. रात्रीतून पाणी जेमतेम हातभर वर आलं होतं. तिनं कारवी पुढे केली.

"मोड," ती म्हणाली. मी काडी मोडली. तिनं ती दोरीला लावूनही पाहिली नाही, तशीच कुडात खोचली.