पाय काढून ठेवल्यावर

तपासनीस सकाळी कामाच्या जागी येणार होता, आणि मी उजाडल्यापासून घरभर येरझाऱ्या घालत होते.

"अगं, बस की जरा," ताई म्हणाली. "आणि त्याच्यासमोर अशी तुरुतुरु चालू नकोस. लंगड थोडी. नवा पाय हवाय ना?"

"नाटकं जमत नाहीत मला."

"भांडणं बरी जमतात!"

माझा जुना कृत्रिम पाय मांडीपासून लावलेला. गुडघा कडक, आणि पावलागणिक खटका वाजतो. वळणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गुडघ्यासाठी निधी मागितला, तर 'सपाट जागी चालता येते' म्हणून एकदा नकार आला होता. दुसऱ्यांदा मागितल्यावर कामच बघायला तपासनीस पाठवतो म्हणाले. मला वाटलं, देव पावला.

मी मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात आहे. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगात ऊब आणणारं हार्मोन किती तयार होतं, ते आम्ही रक्तावरून मोजतो. रक्त घेताना कोकरू घाबरलं की भीतीचं हार्मोन उसळतं आणि नमुना फुकट जातो. माझ्या खटक्याने कोकरं दचकतात. म्हणून मी दाराशीच पाय काढते आणि पेंढ्यावरून बसल्या बसल्या सरकत जाऊन दीड मांडी घालते. ही थट्टा मी करते, दुसऱ्याची खपवून घेत नाही.

तपासनीस माणूस सभ्य होता. आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना मात्र मला नवा पाय मिळवून द्यायची माझ्याहून घाई. "हिच्यासारखे नमुने कुणाचेच येत नाहीत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पाय काढून काम करते ना, कोकरू दचकतच नाही. बघाच तुम्ही!"

मी डोळे वटारले. त्यांना वाटलं, लाजतेय.

आणि मी तरी काय केलं? समोर ओलं कोकरू थरथरत होतं. हातात काम आलं की मला दुसरं काही सुचत नाही. पाय काढला, सरकत गेले, त्याला कुशीत घेतलं. हूं की चूं न करता त्याने रक्त दिलं.

"वा!" तपासनीस अगदी मनापासून म्हणाला. "म्हणजे इथे पायाची गरजच नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, तसं नव्हे—"

"मी पाहिलं तेच कळवणार."

माझं डोकं फिरलं. "मग अजून पाहा," म्हणत मी रक्ताच्या नळ्या खिशात घातल्या आणि तशीच सरकत उंबरठ्याबाहेर पडले. प्रयोगशाळा अंगणापलीकडे, जिन्यावर. एरवी पाय बांधून, तो ताठ गुडघा पायरीपायरीला ओढत मी नळ्या वर नेते.

"अहो, पाय लावा!" तो मागून धावला.

"गरज नाही ना?"

खडी तळहातांत रुतत होती. खिडक्यांत माणसं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण थांबायला मी तयार नव्हते. तो शेजारून चालत होता आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई दारातच रडत उभ्या होत्या.

जिन्याशी पोचलो तेव्हा त्याने वाकून हात पुढे केला.

"द्या त्या नळ्या, मी नेतो वर."

"रोज याल?" मी विचारलं.

हात तसाच पुढे राहिला. मी पहिल्या पायरीवर तळवे टेकले आणि अंग वर ओढलं.