तिसऱ्या बेसिनमागचा जोड

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आधीच, व्हर्लिन टॉफ्ट म्हणाला, "तिसऱ्या बेसिनमागच्या जोडाला मी सोल्यूशन लावलंच नाही."

आर्डिस पांघरुणाची घडी घालत होती. घरगाडीत पलंग आणि टेबल यांच्यात तीन पावलांचं अंतर, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"कुठलं तिसरं बेसिन?"

"बायकांच्या न्हाणीघरातलं. दारातून आत गेलं की तिसरं."

"ज्या भिंतीवर मी आठ दिवस टाइल्स लावल्या, ती भिंत?"

"तीच."

आर्डिसने घडी पुरी केली, उशीखाली सारली आणि येऊन समोर बसली. "नीट आठव," ती म्हणाली.

त्याने आठवलं. नीटच आठवत होतं, हीच अडचण होती. सांडपाण्याची लाइन टाकायची त्याची पद्धत चाळीस वर्षांची. सगळे पाइप आधी कोरडेच एकमेकांत बसवून बघायचे. प्रत्येक जोडावर पेन्सिलची आडवी रेघ मारायची. मग एकेक जोड सुटा करून, सोल्यूशन लावून, रेघेला रेघ जुळवून कायमचा बसवायचा. त्या दिवशी जेवणाची घंटा झाली तेव्हा तो तिसऱ्या जोडाशी होता. जेवून आल्यावर त्याने चौथा हातात घेतला. तिसऱ्याला सोल्यूशन लावल्याचं काही आठवत नव्हतं.

"पण पाणी सोडून बघितलं होतं ना? गळलं नाही."

"कोरडा जोडही चार दिवस धरून राहतो. शनिवारी एकशे दहा पोरं यायची आहेत. आठवडाभर दात घासतील, बेसिनला लोंबकळतील. तो हळूहळू सरकणार. पाणी आतल्या आत मुरणार. लाकडी जमीन कुजल्यावर वर्षाने कळेल."

घरगाडी ओक्लाहोमात, हमरस्त्याला लागून असलेल्या एका तळावर उभी होती. मुलांच्या शिबिराची जागा दक्षिणेला, आर्कान्सॉच्या पाइनच्या रानात, एकशे ऐंशी मैल मागे राहिली होती. तीन आठवड्यांचं काम बुधवारी दुपारी संपलं होतं. सहा घरगाड्यांमधली बारा माणसं गोल करून उभी राहिली, हात धरून प्रार्थना झाली, उरलेला केक वाटला गेला, आणि ज्याने त्याने आपापली वाट धरली. कोणी ॲरिझोनाकडे, कोणी नेब्रास्काकडे.

व्हर्लिन शहात्तर वर्षांचा. अडतीस वर्षं त्याने नेब्रास्कातल्या एका लहान गावाचं पाणी सांभाळलं. आर्डिस तिथल्याच शाळेचं स्वयंपाकघर चालवायची. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घर विकलं, घरगाडी घेतली आणि बिनपगारी बांधकामं करत फिरणाऱ्या या टोळीत नाव घातलं. कुठे चर्चचं छप्पर, कुठे शिबिरातल्या खोल्या, कुठे अंध मुलांच्या वसतिगृहाचा जिना. सकाळी आठला प्रार्थना, तीनपर्यंत काम, पाचला बाहेर खुर्च्या टाकून एकमेकांच्या कामाची चेष्टा. ज्या गावात काम, तिथे तळाला वीज-पाणी मिळायचं. दुसरं काही नको होतं आणि जायला दुसरी जागाही नव्हती.

"डॉइलला फोन कर," आर्डिस म्हणाली.

"केला की डॉइल शिबिरावर नोरीनला करणार. नोरीन गावातून कोणाला तरी बोलावणार. तो घण घेऊन तुझ्या टाइल्ससमोर उभा राहणार."

"आणि डॉइलला कळणार."

"आणि डॉइलला कळणार," त्याने कबूल केलं.

डॉइल केसलर टोळीचा म्होरक्या. गेल्या ऑक्टोबरात मिझुरीतल्या एका चर्चच्या तळघरात व्हर्लिनकडून पाण्याचा कॉक उघडा राहिला होता. सकाळी गालिचा पोहत होता. डॉइलने तेव्हा कोणाला नाव घेऊन काही सांगितलं नाही. "होतं असं, म्हातारा कॉक होता," एवढंच म्हणाला. पण त्या दिवसापासून तो व्हर्लिनच्या कामावरून दिवसातून एकदा तरी सहज म्हणून चक्कर टाकायचा, आणि ते सहज नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आर्डिसने कॉफी थर्मासात ओतली. "घरगाडी इथंच राहू दे. नुसता ट्रक घेऊन जाऊ."

"का?"

"घर ओढत गेलो तर नोरीनला वाटेल मुक्कामाला आलो. तिच्याकडे कामं कमी नाहीत."

सातच्या आत ट्रक निघाला. पहिले शंभर मैल आर्डिसने चालवला. व्हर्लिनने मांडीवर हात ठेवून समोर बघत राहण्याचं काम केलं.

"कार्लाच्या त्या दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत म्हणे," आर्डिस मध्येच म्हणाली. कार्ला त्यांची मुलगी, ओमाहात राहायची. आईवडिलांनी आता चाकांवरून उतरावं असं तिचं दोन वर्षांपासून म्हणणं होतं.

"खिडकीतून काय दिसतं म्हणालीस?"

"पार्किंग."

"वाईट नाही. गाड्या येतात जातात."

"व्हर्लिन, तू अजून जोड बघितलेला नाहीस. आत्तापासून खिडकीत नको बसूस."

तो पुन्हा समोर बघायला लागला. भिंत गळली तर दुरुस्त होते, ते त्याला माहीत होतं. पण टॉफ्टने केलेलं काम कोणीतरी मागून जाऊन तपासलं पाहिजे, असं एकदा ठरलं की पुढच्या वर्षी त्याच्या हातात रंगाचा ब्रश येणार होता. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्ची. टोळीत कोणी कोणाला जा म्हणत नाही. फक्त पुढच्या कामाचं पत्र यायचं थांबतं.

साडेदहाला ते फाटकातून आत शिरले. नोरीन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मक्याचं पीठ चाळत होती. शिबिराची सगळी व्यवस्था तिच्याकडे, चौदा वर्षांपासून.

"मिस्टर व्हर्लिन, मिस आर्डिस," तिने तिकडच्या रीतीने हाक मारली. "काल तर रडून निरोप घेतला आपण."

"माझा चष्मा राहिला," आर्डिस म्हणाली.

नोरीनने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाकावरचा, की दुसरा कुठला?"

आर्डिसने नाकाला हात लावला. व्हर्लिनने टोपी काढली. "नोरीन, चष्मा नाही. तिसऱ्या बेसिनमागचा एक जोड माझ्याकडून कोरडा राहिलाय असं वाटतंय. मला बघायचंय."

"माझं न्हाणीघर गळतंय?"

"अजून नाही."

"मग चला, गळायच्या आत बघू." तिने हात झटकले. "आणि टाइल्स फुटणार असतील तर आधी सांगा. मी इकडंच थांबते. एवढी देखणी भिंत या शिबिरात कधी झाली नव्हती."

"टाइल्सला हात नाही लावणार. पलीकडे तुमची गाद्यांची कोठी आहे. तिकडून प्लाय कापतो."

कोठीत गाद्यांची थप्पी भिंतीला टेकलेली. तिघांनी मिळून ती सरकवली. व्हर्लिनने फीत लावली, कोपऱ्यापासून ब्याण्णव इंच मोजले, जमिनीपासून एकोणीस. कुठे लिहून ठेवलं नव्हतं, आकडे डोक्यातच होते. त्याने बोटाच्या पेराने ठोकून लाकूड कुठे आहे ते ऐकलं, पेन्सिलने फूटभराचा चौकोन आखला आणि करवत उथळ धरून कापायला लागला. आर्डिस मागे टॉर्च धरून उभी. भुसा तिच्या बुटांवर पडत होता. चौथी बाजू कापून झाल्यावर प्लायचा तुकडा त्याने पडू न देता हातात घेतला.

"उजेड जरा खाली."

तिने टॉर्च खाली केला. पांढऱ्या पाइपावर जोडाभोवती जांभळं कडं होतं. त्याचे दोन ओघळ खालपर्यंत जाऊन वाळले होते.

सोल्यूशनच्या आधी पाइपाला प्रायमर लावतात, त्याचा तो रंग. व्हर्लिनने दोन्ही हात आत घातले, पाइप धरला आणि ओढला. मग पाय रोवून पुन्हा ओढला. पाइप हलला नाही.

"बसलाय?" आर्डिसने विचारलं.

"बसलाय."

आर्डिस शेजारच्या पालथ्या बादलीवर बसली. नोरीन म्हणाली, "आमेन," आणि मग, "मला वाटलं होतं तुम्ही दोघं माझं छप्पर उतरवायला आलाय." आर्डिसला हसू आलं ते थांबेना. टॉर्चचा उजेड गाद्यांवर हलत राहिला. व्हर्लिनने डोकं भिंतीला टेकवलं होतं. त्याच्याही खांद्यांवरून तो हसतोय हे दिसत होतं.

थोड्या वेळाने त्याने टॉर्च मागून घेतला आणि पुन्हा आत पाहिलं.

"आर्डिस, हे माझं काम नाही."

"म्हणजे?"

"मी बिनरंगाचा प्रायमर वापरतो. आणि ओघळ ठेवत नाही, फडक्याने पुसतो. रेघ बघ. माझी रेघ रेघेला लागते. ही काडीभर चुकलीय."

"म्हणजे कोणीतरी तुझ्या मागून येऊन लावलं."

"हो." मग टॉर्च तिच्याकडे देत, "किंवा मीच लावलं. माझा डबा त्या आठवड्यात संपत आला होता. सगळे तो जांभळाच वापरत होते. जेवणाची घंटा झालेली. घाईत एखाद्याचा डबा उचलून मी फासलं असेल, आणि..."

"आणि आठवत नाही."

"आठवत नाही."

नोरीनने गाद्यांकडे तोंड करून चादरी सारख्या करायला घेतल्या.

"तुला यातलं काय हवंय?" आर्डिसने विचारलं. "दुसऱ्याने केलं हे, की तूच केलंस हे?"

"ते परत जाताना ठरवतो. आत्ता मला स्क्रू दे, आठ."

कापलेला तुकडा त्याने खिळ्यांनी बंद केला नाही. आतून दोन पट्ट्या लावल्या, तुकडा जागेवर बसवला आणि चारही बाजूंना स्क्रू मारले, म्हणजे पुढे कोणालाही पाच मिनिटांत उघडून बघता येईल. मग पेन्सिलने त्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं : 'जोड पाहिला. पक्का आहे. व्ही. टॉफ्ट.'

नोरीनने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तळलेला मासा, मक्याची भाकरी, कोबी. व्हर्लिनने तीन तुकडे खाल्ले. आदल्या दिवसाच्या निरोपाच्या जेवणात त्याने एकही खाल्ला नव्हता, हे नोरीनने बोलून दाखवलं.

जेवणानंतर तो पायरीवर बसला आणि डॉइलला फोन लावला. डॉइल टेक्सस ओलांडत होता, ट्रक त्याची बायको चालवत होती.

"कुठवर पोचलास, व्हर्लिन?"

"शिबिरावर."

"केक राहिला होता का?"

व्हर्लिनने सगळं सांगितलं. जोड, घंटा, कापलेला प्लाय, जांभळं कडं. मिझुरीतल्या कॉकचंही नाव घेतलं, त्या दोघांत पहिल्यांदाच. मग विचारलं, "तू लावलंस का?"

"मी? तीन आठवड्यांत मी छपरावरून खाली उतरलो कधी?"

डॉइल खोटं बोलायच्या आधी हसतो, असं आर्डिसचं जुनं मत होतं. यावेळी तो हसला की नाही ते व्हर्लिनला सांगता येईना. रस्ता वळणाचा असावा, आवाज तुटत होता.

"बरं, ऐक," व्हर्लिन म्हणाला. "पुढच्या जानेवारीत अलाबामाचं काम आहे. नळकामाला मला लिहिणार असशील तर शेजारी आणखी एक नाव लिही. मी जोड बसवला की त्याने ओढून बघायचा. प्रत्येक जोड. न सांगता मागून नाही. माझ्यासमोर."

"आणि नसेन लिहिणार तर?"

"तर तसं सांग. मी ब्रश विकत घेतो."

मागे डॉइलची बायको काहीतरी विचारत होती, त्याने तिला थांब म्हटलेलं ऐकू आलं.

"तुझ्या शेजारी दिवसभर बसून तुझं पाणीपुरवठ्याचं पुराण कोण ऐकणार, हा प्रश्न आहे," तो म्हणाला.

"तो तुझा प्रश्न."

"माझाच. सगळे माझेच असतात. नीट जा. आणि आर्डिसला सांग, टाइल्स सरळ आल्यात. मी पट्टी लावून बघितली होती."

"तिला सांगू?"

"पट्टीचं नको सांगूस."

परतीचे एकशे ऐंशी मैल व्हर्लिनने चालवले. अर्ध्या वाटेत आर्डिसला झोप लागली. पाचच्या सुमाराला ते तळावर पोचले तेव्हा घरगाडीचं दार सकाळी जसं लावलं होतं तसंच होतं, आणि टेबलावर त्याची कॉफी पूर्ण कपभर, गार. त्याने ती ओतून दिली, नवी केली, दोन खुर्च्या बाहेर टाकल्या. कार्लाचा फोन आला. आर्डिसने तिला माशाचं सांगितलं, बाकीचं काही सांगितलं नाही. काय ठरवलंस, असं तिने व्हर्लिनला विचारलं नाही, आणि तोही आपण होऊन बोलला नाही.

शनिवारी दुपारी दोननंतर शिबिरावर एकशे सात मुलं आली. तिघांना ताप होता, ती आली नाहीत. पुढच्या आठवड्यात नोरीनचा दोनदा फोन आला. एकदा मुलांनी फोडलेल्या खिडकीबद्दल, एकदा सहजच. बेसिनबद्दल तक्रार नव्हती. जांभळा प्रायमर कोणी लावला हे उरलेल्या चार घरगाड्यांपैकी दोघांना व्हर्लिनने विचारलं. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या जानेवारीच्या कामाची यादी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांना गेली. टाइल्ससाठी आर्डिस टॉफ्ट. छपरासाठी डॉइल केसलर आणि आणखी तिघं. नळकामाच्या ओळीत व्हर्लिन टॉफ्ट, पुढे 'आणि', आणि त्यापुढची जागा अजून मोकळी आहे.