खुराड्यातली फरशी

कारभारी नाना खाटेवरून खाली उतरेनात, आणि दीपकला मात्र कोंबड्यांसाठी महाल बांधायचं वेड लागलेलं. अशा घरात उज्वला डोकं शाबूत ठेवून नांदत होती, म्हणजे तिचीच कमाल म्हणायची.

दीपक तिचा नवरा, नाना सासरे. सिन्नरकडचं गाव सोडून मुलाकडे, नाशिक रोडच्या या रो-हाऊसमध्ये येऊन राहिलेले. सासूबाई, चंद्रभागाबाई, गेल्या वर्षी गेल्या आणि तेव्हापासून नानांनी चालणंच सोडलं. खाटेपासून मोरी दोन हातांवर, तेवढीच काय ती त्यांची दौड, तीही भिंत धरून. डॉक्टरांनी पाय वाकवून, ठोकून पाहिले आणि उज्वलाला बाहेर घेऊन सांगितलं, "पायात काही नाही. पण असेच बसून राहिले तर पाय खरंच जातील. मग अंथरूण. पुढचं तुम्हाला सांगायला नको."

नकोच होतं सांगायला. चंद्रभागाबाईंचं सगळं उज्वलानंच केलेलं. खुब्याचं हाड मोडून त्या पडल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांची कूस बदलायची, पाठीखाली हात सरकवून ओल आहे का बघायचं, जखमा धुवायच्या. धुताना त्या ओठ दाबून धरायच्या, हूं की चूं नाही. पुन्हा तेच, याच घरात? नाही रे देवा, ती मनात म्हणायची, आता मला नाही बघवणार.

आणि हाड मोडलं कशानं? ते घरात कुणी बोलत नसे. दीपकनं अंबडच्या कंपनीत ओव्हरटाइम करकरून जुनी शहाबादी उखडली होती आणि तोंड दिसेल अशी पांढरीशुभ्र फरशी बसवली होती. सगळी कॉलनी बघून गेली. चंद्रभागाबाईंना तर पोराचं किती सांगू न् किती नको झालेलं. महिनाभरानं त्या पहाटेच कोंबड्यांना दाणे टाकायला निघाल्या, पाय ओले होते, आणि मागच्या दाराच्या अलीकडे घसरल्या. झालं. तेव्हापासून बाप मूग गिळून बसलेला आणि लेकानं तोंडात मिठाची गुळणी धरलेली. आपलेच दात, आपलेच ओठ. उज्वला तरी कुणाला बोलणार?

सासूबाईंच्या कोंबड्यांतली एक तांबडी तेवढी राहिली होती. एका दुपारी ती परसात कुरकुरत फिरायला लागली, आणि खाटेवरून आवाज आला, "खुडूक झाली जनू ती. बसवा तिला अंड्यांवर."

उज्वलाच्या हातातलं भांडंच सुटायचं राहिलं. वर्षभरात नानांनी काही मागितलं म्हणून नव्हतं! ती पळत जाऊन कोंबडा पाळणाऱ्या एका घरून अंडी घेऊन आली. टोपलीत गवत घालून तांबडीला बसवली. पिलं निघाली की म्हातारा बघायला म्हणून तरी दारापर्यंत येईल, एवढाच तिचा हिशेब. आणि आला नाही, तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

दीपकनं ऐकलं आणि तो कामालाच लागला. जुनं खुराडं कुजलेलं होतं. त्यानं लोखंडी अँगल आणले, जाळी आणली, वर पत्रा टाकला. मालकाचा हात मोठा कसबी, त्यात शंका नाही. पण खाली काय बसवलं? घरातली उरलेली फरशी!

"अहो, ही?"

"पडूनच होती. पाणी मारलं की साफ. ना घाण, ना वास."

"खाली काहीतरी टाकायला लागेल ना? मी वखारीतून लाकडाचा भुसा बघते."

"कशाला? पेपर टाक. रोजच्या रोज बदलता येतो."

तिनं रद्दीतले पेपर काढून आणले. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, हे तिला नंतर दहादा वाटलं. पण तीही त्याच घरातली. न बोलायची सवय तिलाही लागलेलीच.

पिलं निघाली. काय सांगावं, कापसाचे गोळेच! तांबडी त्यांना टोपलीतून खाली घेऊन आली आणि ती कागदावर घसरायला लागली. कागद सरके, खालची फरशी उघडी पडे, पिलू धडपडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना उभंच राहता येईना. पाय दोन बाजूंना फाकलेले, पोट जमिनीला, आणि तोंड वर करून नुसतं ओरडणं. उज्वलाला ते बघवेना. त्यातलं एक ओंजळीत घेऊन ती सरळ खाटेपाशी गेली.

"नाना, बघा ना याला काय झालंय."

नानांनी पिलू तळहातावर उताणं केलं. दोन बोटांनी पाय चाचपले. "पायात कायबी नाय याच्या," ते म्हणाले. "खाली काय टाकलंय?"

उज्वलानं दाराकडे पाहिलं. दीपक कंपनीत जायला निघालेला, डबा हातात धरून दारातच थांबला.

"खाली काय हाय, म्हंतो मी?"

"फरशी," दीपक म्हणाला.

वर्षभरात तो शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आता म्हातारा काय बोलतो कोण जाणे! पण नाना पिलाकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पकड मिळंना त्याला. जीव ल्हान असो का मोठा, पायाखाली पकड लागती. मऊ चिंधीनं पाय बांध याचे, सैल. आन् गोणपाट हातर तिथं. जरा मोठी झाली का मग भाताचा तूस टाक. आत्ता टाकला तर दाना समजून खातील."

चिंधी बांधून, गोणपाट टाकून उज्वला पुढच्या अंथरणासाठी रिक्षानं कोंबडीखाद्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, काहीही न्या, कोंबडीला काय कळतंय?" मेल्याच्या जिभेला हाड नाही! तिनं वखारीचा भुसा मुठीत घेतला, तर बारीक धूळ थेट नाकात गेली. पिलांच्या छातीत गेली तर? वाळूला हात लावला, ती गार. मग भाताच्या तुसात तिनं कोपरापर्यंत हात घातला, सासूबाईंच्या पाठीखाली घालायची तसा. कोरडा, खरखरीत, उबदार. मूठ दाबून सोडली तर मोकळा झाला, वासही नाही. अंथरूण चांगलं कोणतं, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. तिनं तूस घेतला आणि बरोबर चार रिकामी गोणपाटं मागून घेतली.

घरी आली तर हातोड्याचे घाव ऐकू येत होते. दीपक कामाला गेलाच नव्हता. खुराड्यातल्या फरशा उखडून परसात रचून ठेवल्या होत्या, आणि आता तो घरात, मागच्या दाराच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून छन्नी मारत होता. पांढऱ्या कपच्या भिंतीपर्यंत उडत होत्या.

"अहो, हे काय चालवलंय?"

तो थांबेना. हाताला लागून रक्त आलेलं, त्याकडेही लक्ष नाही.

"दीपक," नानांनी खाटेवरून हाक मारली. घाव थांबले. "तुझ्या आईलाबी असंच गोणपाट टाकायला पायजे व्हतं रे कुनीतरी."

"व्हय, नाना," दीपक म्हणाला. कंपनीत, कॉलनीत इतकी वर्षं शहरी बोलणारा माणूस, त्या घटकेला गावचाच झाला. मग त्याला रडू आवरेना. जमिनीला हात टेकून तो पोरासारखा रडला.

"मी काय दुसऱ्याच्या घरात व्हतो?" नानांचाही आवाज फुटला. "मलाबी दिसत व्हती फरशी. तिचे ओले पाय दिसत व्हते. थांब, पाय पूस, येवढं म्हनलो असतो तर? मीच नाय म्हनलो. तुझ्याकडं बघायला तोंड नव्हतं मला, लेकरा."

उज्वलाला वाटलं, वर्षभर हे दोघं एकमेकांना भ्याले आणि मी दोघांना. तिनं डोळे पुसले, कपच्या झाडून गोळा केल्या आणि खाटेपासून मागच्या दारापर्यंत गोणपाटं अंथरली. एकाला एक लावून, कुठे घडी राहू नये म्हणून हातानं दाबत. चार पुरली नाहीत, म्हणून शेवटी सासूबाईंची जुनी सतरंजी टाकली.

नानांनी पाय खाली सोडले. गोणपाटावर बोटं दाबून पाहिली. मग दीपकच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले. मध्ये फरशी फुटली होती तिथे ते थांबले.

"हितंच ना?"

"हितंच," दीपक म्हणाला.

उज्वलानं त्यांचा दुसरा हात धरला. बाहेर खुराड्यात पिलं ओरडत होती.

"चला," नाना म्हणाले, आणि पुढचं पाऊल त्यांनी सतरंजीवर टाकलं.