कॅसेटमधली पुष्पा

मला धामणगाव बढ्यात दुसरेपणावर दिली. हिंमतरावांची पहिली बायको पुष्पा विहिरीत पाय घसरून गेली, असं माझ्या बापाला सांगितलं. बाप 'बरं' म्हणाला. पाय कसा घसरला, हे विचारायला त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

लग्न लागून सासरी आले. परातीत तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर माझं नवं नाव लिहिलं. पुष्पा. मेलेलीचंच! वर सासूनं, मंजुळाबाईंनी, माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. मेलेल्या सवतीची मूर्ती म्हणे. दुसरीनं ती गळ्यात वागवायची, म्हणजे पहिली छळत नाही.

"आत्याबाई, माह्यं नाव अन्नपूर्णा आहे."

"होतं. या घराच्या तोंडात पुष्पाच बसलं हाय. दर खेपेले नवं नाव कोन शिकन?"

बाया खो-खो हसल्या. 'दर खेपेले' हा शब्द मला तेव्हा टोचलाच नाही.

ते शहाऐंशी साल. लग्नाचा व्हिडिओ काढायचं खूळ नुकतंच आलेलं. नांदुऱ्याचा तुळशीराम आमचं लग्न काढून गेला होता. आठवड्यानं भरदुपारी तो टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला. अख्ख्या आळीच्या बाया ओसरीत दाटल्या.

मी स्वतःला चालताना कधी पाहिलंच नव्हतं. आरशातली बाई मी वळले की वळते. पडद्यावरची मात्र खाली मान घालून बसली होती, आणि मी मनात कितीदा म्हटलं तरी ती मान वर करेना.

"पाह्य वं मनकर्णे, तू तं साऱ्या लग्नात पंगतीतच बसून राह्यली!"

"मंग? आहेर केला मी. फुकट जेवली का?"

हसणं चाललं असतानाच माझं लग्न संपलं. पडद्यावर रेघा आल्या, आणि रेघांमधून पुन्हा तीच भिंत, तीच परात दिसली. समोर वेगळीच नवरी.

"हे काय लावलं बे, तुळशीराम?" सासू ओरडली.

"काकू, तुमीच म्हनल्या ना, मांगची कॅसेट हाय, तिच्यावरच घे. हे लगन लवकर आटपलं. म्हून जुनं खाली उरलं."

पडद्यावर हिंमतरावांनी तांदळात अंगठी ओढली. पुष्पा. नवरीनं मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं.

"माह्यं नाव झुंबर हाय," ती म्हणाली.

मला तिच्या गळ्यातलं दिसलं. चांदीचा टाक. त्याचा एक कोपरा वाकलेला. मी माझ्या गळ्याशी हात नेला. वाकलेला कोपरा बोटाला लागला.

"आत्याबाई, ही पहिली ना? मंग तिच्या गळ्यात टाक काऊन? आन् तोच माह्या गळ्यात?"

मनकर्णाबाईनं पदर तोंडात कोंबला. सगळ्यांना ठाऊक होतं. आहेर घेऊन आल्या होत्या, पंगतीत जेवल्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं!

"पुसून टाक ते," हिंमतराव दारातून म्हणाले. "सारी कोरी कर."

तुळशीरामचं बोट रेकॉर्डच्या लाल बटनाकडे गेलं. मी त्याला ढकललं, टीव्ही बंद केला, कॅसेट बाहेर ओढली आणि काखेत धरली. टाकाचा दोरा हिसकून तोडला, टाक टीव्हीवर ठेवला आणि अंगणात उतरले. माझ्यामागं सगळे बाहेर आले, बाया, नवरा, तुळशीराम. ओसरी रिकामी झाली.

"पुष्पे!" सासूनं हाक मारली. "ये पुष्पे, मांगं फिर!"

मी थांबले नाही. मोटाळ्याच्या बसची वेळ झाली होती. आणि अन्नपूर्णानं त्या हाकेला का वळावं?

टीव्ही बंद होता. कॅसेट माझ्या काखेत होती. आत कोणीही उरलं नव्हतं.

पण आतून ओ आली.